वक्तृत्वात नाव घालताय? आधी ‘खरं’ सांभाळा

आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. ‘येणार होतो, खरं बस चुकली.’ आणि बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावात यात कुणाला वावगं वाटत नाही. आठवीत पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले आणि ‘मी इथं बोलायला आलो आहे’ म्हटलं, तेव्हा परगावचे परीक्षक गालात हसले. पुढं मला ते हसणंच दिसत राहिलं. पाठ केलेलं भाषण मधेच तुटलं ते तुटलंच.

तरी दहावीपर्यंत वक्तृत्व आणि वादविवाद दोन्ही केलं. आता शाळेत मुलांची तयारी घेते, म्हणून हे लिहायलोय. (बघा, आलंच.)

बोली टाकू नका, फक्त जीभ कुठं घसरते ते शोधा. माझ्या तीन जागा निघाल्या: ‘खरं’, ‘आलो-गेलो’ आणि ‘करायलोय’. तेवढ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या. बाकी पुणेरी हेल काढायच्या फंदात पडू नका, दुसऱ्या मिनिटाला तो गळून पडतो. भाषणात आजीचं वाक्य आलं तर ते आजीच्याच बोलीत म्हणा; सभागृह तिथंच जागं होतं.

आता मजकूर. गांधीजींवर विषय आला की आपल्याकडचा प्रत्येक जण ‘काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, ते 1924 साली बेळगावात भरलं’ इथूनच सुरू करतो. माहिती खरी आहे, मात्र एका दुपारी मी ती नऊ वेळा ऐकली आहे. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. एका रविवारी जाऊन ती बघा, काठावर उभं राहून काय वाटलं ते लिहा आणि तिथून सुरुवात करा. गुगलवरून उतरवलेलं भाषण परीक्षकांना तिसऱ्या ओळीत कळतं.

‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ वगैरे एका दमात उरका. माझ्या वेगानं 5 मिनिटांत साधारण 550 शब्द बसतात. तुमचे किती, ते मोबाईल लावून मोजा. इशाऱ्याची घंटा झाली की शेवटचा परिच्छेद धरायचा, मधलं राहिलं तर राहू दे. पाठ करायचंच असेल तर पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन करा, मधले फक्त मुद्दे लक्षात ठेवा. मी गोठ्यात म्हशींसमोर सराव करायची. त्या हसत नाहीत.

वादविवादाचं गणित वेगळं. तिथं बहुतेक मुलं समोरचा बोलत असताना स्वतःचा कागद वाचत बसतात आणि मग प्रतिवादात आपलंच भाषण पुन्हा म्हणतात. कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडं त्यांचा मुद्दा दोन शब्दांत, उजवीकडं तुमचं उत्तर. सगळे मुद्दे खोडायला जाऊ नका, त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा धरा. आणि घरी एकदा विरुद्ध बाजूनं बोलून बघा. ‘मोबाईल शाप’ म्हणणाऱ्या मुलीला मी आधी ‘वरदान’वर बोलायला लावते. ती वैतागते, खरं, दुसऱ्या दिवशी तिचे मुद्दे धारदार होतात.

कन्नडकडं कानाडोळा करू नका. प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या सरकारी स्पर्धांत, तुम्ही मराठीत बोललात तरी तालुक्याच्या पुढं सूचना बहुधा कन्नडमध्येच असतात. एका स्पर्धेत माझा नंबर सात होता. बाईंनी ‘एळू’ म्हणून पुकारलं. एळू म्हणजे सात, आणि एळू म्हणजे ऊठसुद्धा. मला वाटलं, मागं कुणालातरी उठवायलेत. मी आपली बसूनच. शेवटी शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं.

त्या दिवशी स्टेजवर ‘मी आले आहे’ बरोबर म्हटलं. दुसरा नंबर आला. बाहेर येऊन सरांच्या फोनवरून आईला सांगितलं, ‘बक्षीस मिळालं की ग! पाचच्या गाडीनं येतो.’