अनेक अर्थांचं नाव बाळासाठी कसं निवडावं

दोन भाषांत चालणारं, दोन्हीकडे अर्थ असलेलं नाव हवं, असं हल्ली बरेच आईबाप म्हणतात. अशी नावं भरपूर आहेत. पण आवडलं की लगेच पक्कं करू नका, आधी त्याची थोडी चौकशी करा.

आधी नावाची जात ओळखा. एकच शब्द, अर्थ अनेक, हा पहिला प्रकार. 'हरि' हे त्याचं टोकाचं उदाहरण. अमरकोशातल्या एकाच श्लोकात हरि म्हणजे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक! दुसऱ्या प्रकारात शब्द वेगळे असतात, फक्त कानाला सारखे लागतात. 'समीर' संस्कृतात वारा, तर अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. 'किरण'ची गंमत आणखी पुढची: आपल्याकडे तो उजेड, आणि त्याच्या जवळपास ऐकू येणारं आयरिश 'किअरन' हे नाव 'काळा' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं.

मग सगळे अर्थ कागदावर उतरवा, आवडलेले आणि नावडतेही. समजा 'माया' ठरतंय. मराठीत माया म्हणजे जिव्हाळा. वेदान्तात ती भ्रम. 'त्याने बरीच माया जमवली' म्हटलं की पैसा, आणि तोही बहुधा संशयास्पद. गौतम बुद्धांच्या आईचं नाव माया. ग्रीक पुराणकथांत माइया ही हर्मीसची आई. हिब्रू बोलणारे या नावाचा संबंध पाण्याच्या शब्दाशी जोडतात. मध्य अमेरिकेतली माया संस्कृती आहेच. एवढं सगळं समोर आल्यावरही नाव आवडत असेल, तर ते खरंच आवडलंय.

'सारा'चंही असंच. हिब्रूत ती राजघराण्यातली स्त्री, मराठीत 'सगळा', आणि जमिनीचा महसूलही. शेतसाऱ्यावरून मुलीला कोणी चिडवेल असं मला वाटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

अर्थ शब्दकोशातच तपासा. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, आणि त्यांत कुठल्याही नावापुढे 'संस्कृत' लिहिलेलं सापडतं. शिवाय प्रत्येक मुलगी 'देवीचं एक नाव' आणि प्रत्येक मुलगा 'तेजस्वी'. 'मायरा' हे नाव साधारणपणे इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) याने घडवलेलं मानतात. याद्यांत मात्र त्याला सर्रास संस्कृत कुळ चिकटवलेलं दिसतं. संस्कृत नावासाठी आपट्यांचा किंवा मोनियर-विल्यम्सचा कोश पाहा, दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. मराठी अर्थासाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे. परक्या भाषेतल्या अर्थासाठी ती भाषा बोलणारा माणूस गाठा. त्याला नाव मोठ्याने म्हणायला सांगा आणि ऐकताना ते कुणाचं वाटतं, मुलाचं, मुलीचं की आजोबांचं, तेही विचारा.

ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष नको. शिला म्हणजे दगड, शीला म्हणजे सुशील स्त्री. देवनागरीत हा फरक स्पष्ट दिसतो, रोमन लिपीत तो सहज हरवतो. 'ळ' आणि 'ण' तर तिथे उरतच नाहीत. नाव दोन्ही लिप्यांत लिहून, ते कधीही न ऐकलेल्या माणसाला वाचायला द्या. तो जे वाचेल, त्याच उच्चाराने पुढे परके लोक तुमच्या मुलाला हाक मारणार आहेत.

शेवटी तुमचा अर्थ कोणता, ते ठरवा. आईने एक सांगायचा, बाबांनी दुसरा, असं चाललं तरी बिघडत नाही. दोन घरांच्या दोन भाषा असतील तर उलट छानच. फक्त खोटी व्युत्पत्ती सांगू नका. मूल मोठं झालं की स्वतः शोधेलच.

अर्थ अनेक असले, तरी स्पेलिंग मात्र एकच ठेवा. जन्मदाखल्यावर जे लिहाल, तेच पुढे शाळेत आणि पासपोर्टवर यायला हवं. दाखल्याचा अर्ज देण्यापूर्वी प्रत्येक अक्षर दोघांनी मोठ्याने वाचा.