दोन किलोवॉट पुरतात: उंचावर छोट्या ट्रेलरसाठी हीटर कसा निवडावा

मी आकाश बघायला उंचावर जाते. ३५०० ते ४००० मीटरवर हवा विरळ आणि कोरडी असते, आकाश खोल काळं दिसतं. त्यासाठी मी आणि माझी धाकटी बहीण वर्षातून चार-पाच वेळा आमचा छोटा ट्रेलर वर ओढत नेतो. ट्रेलर आतून ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच आहे. रात्री तीनला दुर्बीण झाकून आत यायचं, तोवर बोटं इतकी गारठलेली असतात की जॅकेटची चेनसुद्धा धड उघडत नाही. अशा वेळी आत ऊब हवीच. त्या उबेसाठी मी आजवर तीन हीटर घेतले. पहिले दोन चुकले, तिसऱ्यावर आम्ही सहा हिवाळे काढले आहेत.

पहिला होता हातात उचलून नेता येणारा गॅसचा हीटर. छोटा सिलिंडर जोडायचा, बटण दाबायचं, जाळी लाल होते. खाली मैदानात तो उत्तम चालला. ३६०० मीटरवर मात्र दर दहा मिनिटांनी विझायचा. मी सिलिंडर बदलला, जाळी साफ केली, तरी तेच. मला वाटलं हीटर बिघडला. पण तो बिघडला नव्हता. अशा हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की गॅस बंद करणारी सोय असते. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की तिथली छोटी ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, तिच्यासमोरचा थर्मोकपल, म्हणजे उष्णता ओळखणारी तार, थंड पडतो आणि झडप मिटते. उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, २१ टक्के; पण हवाच विरळ असते. ३६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६४ टक्के असतो, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन एक तृतीयांशाहून जास्त कमी. खिडकी सताड उघडी असली तरी त्या ज्योतीची कुचंबणा होते. असे काही हीटर २१०० मीटरच्या वर आपोआप विझू शकतात हे त्यांच्या माहितीपुस्तकातच लिहिलेलं असतं. मी ते विकत घेण्याआधी वाचलं नव्हतं.

ही सोय बंद करून हीटर चालू ठेवण्याच्या युक्त्या तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. कृपा करून त्या वापरू नका. अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, आणि हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. उंचावर तुमच्या रक्तात आधीच ऑक्सिजन कमी असतो. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे त्याची लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा. नेमकी हीच लक्षणं उंची बाधल्यावरही होतात. एकदा सकाळी बहीण म्हणाली, "ताई, डोकं फार ठणकतंय, उंचीचंच असेल ना?" आणि मला उत्तर देता येईना, कारण रात्री आम्ही तोच हीटर दोन तास चालवला होता. आम्ही दोघी बाहेर मोकळ्या हवेत बसलो, अर्ध्या तासात तिला बरं वाटलं. त्या दिवसानंतर ज्याची ज्योत आतल्या हवेवर जगते असा कुठलाही हीटर मी ट्रेलरमध्ये झोपताना लावलेला नाही. ज्योत न दिसणारे कॅटॅलिटिक हीटरही त्यातच आले. तेही आतलाच ऑक्सिजन खातात.

आणखी एक त्रास लगेच ध्यानात येत नाही, तो म्हणजे ओल. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. रात्रभरात पाऊण किलो गॅस जाळला तर सव्वा लिटर पाणी वाफ होऊन तुमच्याच भिंतींवर, गादीखाली आणि दुर्बिणीच्या भिंगांवर बसतं. सकाळी खिडकीच्या चौकटीवर बर्फाची कड जमलेली असायची, ती याच पाण्याची.

म्हणून निवडीची पहिली अट: ज्वलनाची हवा बाहेरून येणार आणि धूरही बाहेरच जाणार, अशी बंद चेंबरची रचना. आतली हवा फक्त गरम पत्र्यावरून फिरून परत येते, ज्योतीला ती कुठेच शिवत नाही. गॅसचे बसवून घ्यायचे फर्नेस असे असतात आणि डिझेलचे हीटरही. ट्रक आणि बोटींसाठी वेबास्टो, एबरश्पेशर या जर्मन कंपन्या असे डिझेल हीटर पूर्वीपासून बनवतात. त्याच धर्तीवरचे स्वस्त हीटरही आता भरपूर मिळतात.

विजेच्या हीटरचा विचार जोडणी मिळणार असेल तरच करा. बॅटरीवर १००० वॅटचा हीटर लावला तर १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी जेमतेम तासभर टिकते. लाकडाची छोटी शेगडी दिसायला सुंदर, पण झाडांची हद्द संपते तिथे लाकूड संपतं.

आता क्षमता. माझी दुसरी चूक इथे झाली. ज्यांनी दुसरा, डिझेलचा हीटर बसवून दिला ते म्हणाले, उंचावर ताकद कमी होते, तेव्हा ५ किलोवॉटचाच घ्या. ऐकायला पटलं. पण गणित कुणीच मांडलं नाही, मीही नाही. ते असं मांडायचं: ट्रेलरच्या सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ काढा. आमचं छत, तळ आणि चार भिंती मिळून २७ चौरस मीटर होतात. भिंतीत २५ मिलिमीटर फोम आहे. चौकटी आणि खिडक्यांतून होणारी गळती धरून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण १.२ वॅट उष्णता जाते असं मी धरते. बाहेर उणे १५, आत १५, म्हणजे फरक ३० अंशांचा. २७ गुणिले १.२ गुणिले ३० म्हणजे ९७० वॅट. श्वासासाठी व्हेंट उघडं ठेवतो त्याचे पावणेदोनशे वॅट. एकूण साडेअकराशे. बस, एवढंच! तुमची भिंत नुसता पत्रा आणि प्लायची असेल तर हा आकडा दुपटीहूनही वर जाईल, आणि मग मोठा हीटर घेण्याआधी फोम लावा.

साडेअकराशे वॅट लागणाऱ्या जागेत ५ किलोवॉटचा हीटर म्हणजे रात्रभर सगळ्यात मंद आचेवर धुमसणारा हीटर. मंद आचेवर चेंबर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते. उंचावर विरळ हवेमुळे ती आणखी वाढते. तिसऱ्याच सहलीत आमचा हीटर पेटेना. खाली आणून उघडला तर ज्वलनाच्या नळीत काळा, कोळशासारखा थर, ग्लो प्लगची, म्हणजे तापून डिझेल पेटवणाऱ्या कांडीची, जाळी पूर्ण बुजलेली.

तिसरा हीटर म्हणून २ किलोवॉटचा घेतला. तो ३५०० मीटरवर किती देईल? तिथे हवा समुद्रसपाटीच्या ६५ ते ७० टक्के असते. ज्योत स्वच्छ ठेवायची तर इंधनही त्याच प्रमाणात कमी करावं लागतं, म्हणून उष्णता साधारण १.३ ते १.४ किलोवॉट. आमच्या गरजेपेक्षा थोडी जास्त, आणि हीटर आपल्या वरच्या अर्ध्या ताकदीत चालतो, जिथे तो स्वच्छ जळतो. लहान ट्रेलरला म्हणूनच मी छातीठोकपणे २ किलोवॉट सांगते.

विकत घेताना एकच प्रश्न खोदून विचारा: हा उंचीशी जुळवून घेतो का, आणि किती मीटरपर्यंत? साध्या मांडणीचे बरेच हीटर साधारण १५०० मीटरपर्यंतच बिनधास्त चालवायचे असतात. त्याहून वर थोडा वेळ ठीक, मुक्काम नको. काहींच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि तो डिझेलच्या पंपाची गती स्वतः कमी करतो. काहींना तो वेगळा जोडावा लागतो. काहींत कंट्रोलरवरून हाताने पंपाचे ठोके कमी आणि पंख्याच्या फेऱ्या जास्त करता येतात. आपोआप जुळवणारा सगळ्यात सोयीचा. हाताने जुळवायचा असेल तर खालच्या आणि वरच्या उंचीचे आकडे कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा, कारण ४००० मीटरवर अंधारात ते आठवत नाहीत. धुराकडे लक्ष ठेवा: पेटताना क्षणभर पांढरा धूर चालतो, तापल्यावर धूर दिसता कामा नये. काळा दिसला की डिझेल जास्त होतंय.

गॅसचा फर्नेस निवडलात तर उंचीसाठी त्याचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक छिद्र, बदलावा लागतो का ते आधी विचारा, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. सिलिंडरमध्ये काय आहे तेही बघा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत होत राहतो. उंचावर कमी दाबामुळे थोडी सवलत मिळते, पण कडाक्याच्या रात्री ब्युटेन जास्त असलेलं मिश्रण दगा देतं. डिझेललाही थंडीत मेण धरतं आणि गाळणी तुंबते, म्हणून हिवाळी डिझेल भरून न्या. माहितीपुस्तकात परवानगी असेल तर उंचावर केरोसीन चांगलं, काजळी कमी होते. पेट्रोल मात्र त्यात कधीही मिसळू नका.

बॅटरीचा हिशोब डिझेल हीटरच्या बाबतीत सोपा आहे. पेटताना ग्लो प्लग चार-पाच मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो, मग पंखा आणि पंप मिळून दीडेक अँपिअर. नऊ तासांच्या रात्रीला आमचे १५ अँपिअर-अवर आणि सव्वा ते दीड लिटर डिझेल जातं. अडचण पहाटे येते. थंड बॅटरीचं व्होल्टेज ग्लो प्लगच्या ओढीने खाली बसतं, आणि साडेदहा व्होल्टच्या आसपास आलं की हीटर स्वतःहून बंद होतो. उपाय म्हणजे जाड आणि आखूड तारा, आणि बॅटरी बाहेरच्या पेटीऐवजी आत. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, हे तिला आत ठेवण्याचं आणखी एक कारण.

बसवताना धुराची नळी ट्रेलरखालून बाजूला काढा, खिडकी-दाराखाली नको, आणि ज्वलनाच्या हवेच्या तोंडापासून लांब. तिचा एकही जोड आत येऊ देऊ नका. बर्फ पडला की मी रात्रीतून एकदा उठून नळीचं तोंड हाताने चाचपते. ते बुजलं तर धूर कुठून वाट काढेल सांगता येत नाही.

म्हणूनच बंद चेंबर असला तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. कॅराव्हॅन आणि बोटींसाठीच्या अलार्मला ईएन ५०२९१-२ हे मानक लागू आहे, त्याची खूण बघून घ्या. असा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तास-दीड तासात वाजतो, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. तो उशीच्या उंचीवर लावा. गॅस नेत असाल तर गळतीचा वेगळा अलार्म जमिनीलगत हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. आणि वर गेल्यावर डोकं दुखलं तर आधी हीटर बंद, दार उघडं, माणूस बाहेर. उंचीचं की धुराचं हे नंतर ठरवा.

नवा हीटर थेट वर नेऊ नका. घराशी तासभर पूर्ण ताकदीने चालवा, मग २००० मीटरच्या आसपास एक रात्र काढा, मग वर. रोज निघण्याआधी आम्ही वीस मिनिटं तो पूर्ण आचेवर ठेवतो, रात्रीची काजळी जळून जाते. बंद मात्र बटणानेच करायचा. बटण दाबल्यावरही पंखा तीन-चार मिनिटं फिरत राहतो, आत साठलेली उष्णता बाहेर काढतो. तो आवाज थांबेपर्यंत बॅटरीच्या तारेला हात लावू नका.