सुट्टीला निघताय? मोरीच्या बाबतीत या चुका टाळा

जून उजाडला की नागपुरात प्लंबरला तेच ते फोन सुरू होतात. "भाऊ, दार उघडलं आणि वासानं घरात उभं राहवेना!" मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, हवा कोरडी, त्यात घर बंद. मोरीच्या जाळीखालच्या खोलगट भांड्यात, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, जेमतेम पाच सेंटिमीटर पाणी साठलेलं असतं. ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं ते एवढंच पाणी. ते आटलं की वाट मोकळी! लोक गॅस बंद करतात, मेन स्विच पाडतात, कुलूप तीनदा ओढून बघतात; मोरीकडे कोणी बघत नाही.

मी निघायच्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्या की प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओततो आणि वरून दोन चमचे तेल सोडतो. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. शिलाई मशीनचं तेल उत्तम. खोबरेल नको, थंडीत गोठतं. पाहुण्यांची बाथरूम विसरू नका, आधी तीच कोरडी पडते.

याहून मोठी चूक म्हणजे जाळीखालची उलटी बसवलेली वाटी काढून ठेवणं. एका काकूंनी पाणी, तेल सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे केलं होतं, तरी परत आल्यावर ओट्यापासून देवघरापर्यंत झुरळंच झुरळं. जाळी उचलली तर खाली वाटी नाही! पाणी लवकर जात नाही म्हणून कोणीतरी ती काढून बादलीमागे टाकली होती. या ट्रॅपमध्ये वाटीची कड पाण्यात बुडालेली असते म्हणूनच वास अडतो. वाटी नसेल तर खाली कितीही पाणी असो, उपयोग शून्य. वाटीत केसांचा गुंता अडकला होता. जुन्या टूथब्रशनं घासून पुन्हा बसवली, पाणी झरझर गेलं. पाच मिनिटांच्या कामाचा कंटाळा करून लोक महिनाभराचा त्रास विकत घेतात, याचा मला खरंच राग येतो.

आदल्या रात्री ॲसिड ओतून जाणारेही बरेच. बंद घरात त्याच्या वाफेनं स्टीलच्या जाळ्या, नळ काळे पडतात, फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. त्यावर कोणी ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन वायू तयार होतो, जिवावर बेतू शकतं. सिंक तुंबत असेल तर खालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपावरचा बाटलीसारखा भाग, उघडा, तळाशी साचलेला चिकट गाळ काढा, भांड्यांच्या साबणानं धुऊन परत बसवा. तेही निघायच्या चार दिवस आधी, म्हणजे गळत असेल तर कळेल.

सिंकमध्ये खरकटं ठेवू नका.

कमोडचं झाकण पाडा.

एक्झॉस्ट फॅन चालू सोडू नका, तो ड्रेनेजचाच वास आत ओढतो.

आणि परतायला जून लागणार असेल, तर बाल्कनीच्या जाळीवरचा पाचोळा काढूनच निघा. पहिल्याच पावसात ती तुंबली तर पाणी हॉलमध्ये येतं.