उबुंटूवर जँगो आणि पोस्टग्रेस बसवताना या चुका टाळा

उबुंटूवर जँगोला (पायथनमधले वेब फ्रेमवर्क) पोस्टग्रेस हा डेटाबेस जोडताना बहुतेक नवशिके 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' या संदेशापाशी अडतात आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलत बसतात. पासवर्डचा इथे संबंधच नसतो. सेटिंग्जमध्ये 'होस्ट' रिकामा असला की जोडणी सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कशिवाय त्याच मशीनच्या आतून होते, आणि तिथे पोस्टग्रेस फक्त लिनक्सवरचे तुमचे नाव व डेटाबेसमधल्या रोलचे (म्हणजे डेटाबेसच्या खात्याचे) नाव जुळते का, एवढेच पाहते. 'होस्ट'मध्ये 'लोकलहोस्ट' लिहिले की पासवर्ड तपासला जातो आणि अडचण संपते.

पण एवढे समजून घेण्याइतका धीर नसतो, म्हणून 'पीजी-एचबीए' फाइलमध्ये, जिथे कोणाला कसे आत घ्यायचे हे ठरते, थेट 'ट्रस्ट', म्हणजे पासवर्ड न विचारताच आत घ्या, असे लिहिले जाते. बाणेरमधल्या एका छोट्या कंपनीत हेच झाले होते. पुढे घरून काम करता यावे म्हणून कोणीतरी पोस्टग्रेसला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावले, ५४३२ हे पोर्ट उघडले आणि 'ट्रस्ट'ची तीच ओळ जगातल्या कोणत्याही आयपीसाठी लागू केली. मला बोलावले तेव्हा सर्व टेबले गेलेली होती. उरलेल्या एकमेव टेबलात बिटकॉइनची मागणी करणारा इंग्रजी मजकूर होता. बॅकअप जुना असल्यामुळे मधल्या काळातल्या ऑर्डरी तिथल्या मुलींनी ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश चाळून एकेक करून पुन्हा भरल्या. म्हणूनच मी स्वतःच्या लॅपटॉपवरही 'ट्रस्ट' ठेवत नाही, कारण लॅपटॉपवरची सेटिंग्ज घाईच्या दिवशी जशीच्या तशी सर्व्हरवर जातात.

मायग्रेट करताना, म्हणजे जँगोकडून डेटाबेसमध्ये टेबले तयार करून घेताना, 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' असे आले, तर तुम्ही जुने ट्यूटोरियल वापरत आहात. पोस्टग्रेसच्या २०२२ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून 'पब्लिक' स्कीमामध्ये (टेबले ठेवण्याच्या नेहमीच्या कप्प्यात) टेबले करण्याची मुभा सरसकट सर्वांना राहिलेली नाही, त्यामुळे डेटाबेसवर 'ग्रँट ऑल' देऊन भागत नाही. यावर रोलला सुपरयूजर करणे, म्हणजे सगळेच अधिकार देणे, हा उपाय नव्हे; मी आधी रोल तयार करतो आणि डेटाबेस सुरुवातीपासूनच त्याच्या मालकीचा करतो.

'सुडो पिप' वापरू नका, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारे 'पिप' प्रशासकाच्या अधिकाराने चालवू नका. नव्या उबुंटूवर पिपने नकार दिला, तर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' जोडून तो मोडून काढू नका. 'पायथन३-व्हेन्व' पॅकेज बसवून प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेसची स्वतंत्र जागा, करा.

जँगोमधले स्वतःचे यूजर मॉडेल (वापरकर्त्याच्या माहितीची रचना) पहिल्या मायग्रेटच्या आधीच ठरवा. नंतर बदलायचे झाल्यास त्याच्याशी जोडलेल्या सर्व फॉरेन की (दुसऱ्या टेबलांतून त्याकडे बोट दाखवणारे दुवे) हाताने दुरुस्त कराव्या लागतात.