मॅनेज करायचं तिथे लीड आणि लीड करायचं तिथे मॅनेज: या चुका टाळा

डेडलाइन लागोपाठ हुकायला लागल्या की बरेच टीम लीड एकच उपाय करतात. सगळ्यांना मीटिंगला बोलावतात आणि 'आपण एक टीम आहोत, आता जोर लावू या' असं भाषण ठोकतात. लोक माना डोलावतात, जागेवर जाऊन बसतात आणि पुन्हा तिथेच अडकतात. कारण काम उत्साहाअभावी अडलेलं नसतंच. प्रत्येक बदलाला दोघांची मंजुरी लागते आणि त्यातले एक साहेब आलेल्या विनंत्या आठवड्यातून एकदाच बघतात, म्हणून ते अडलेलं असतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

इथे हवं होतं साधं व्यवस्थापन: मंजुरी एकाचीच ठेवा, दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढे कोणाकडे जायचं ते ठरवा, आणि साहेब रजेवर असतील तेव्हा सही कोण करणार ते लिहून ठेवा. एवढ्याने काम सुटतं.

व्यवस्थापनाचे अभ्यासक जॉन कॉटर यांनी 1990 साली व्यवस्थापन (मॅनेज करणं) आणि नेतृत्व (लीड करणं) यातला फरक नेमका मांडला. व्यवस्थापनाचं काम गुंतागुंत आवरण्याचं: नियोजन, बजेट, माणसांची नेमणूक, देखरेख. नेतृत्वाचं काम बदल पेलण्याचं: दिशा ठरवणं, लोकांना त्या दिशेला जुळवून घेणं, त्यांची उमेद टिकवणं. म्हणजे आधी बघायचं ते हे की समोरची अडचण गुंतागुंतीची आहे की बदलाची. आपल्याला काय करायला आवडतं, हा प्रश्न नंतरचा. बोलायला आवडणारे भाषण करतात आणि एक्सेलमध्ये रमणारे नवा ट्रॅकर बनवतात, अडचण कोणतीही असो.

बदल ट्रॅकरवर ढकलणं

ही उलटी चूक जास्त महागात पडते, कारण ती बाहेरून शिस्तीसारखी दिसते. समजा, कागदी रजिस्टर बंद करून नवी प्रणाली आणली. ट्रेनिंग झालं, तारीख जाहीर झाली, रोज किती नोंदी झाल्या याचा तक्ताही फिरू लागला. तक्ता हिरवागार! प्रत्यक्षात टेबलाच्या खणात जुनं रजिस्टर चालूच आहे. लोक आधी त्यात लिहितात आणि संध्याकाळी घाईघाईने सगळं प्रणालीत चढवतात. काम दुप्पट झालं, आणि कोणी बोलत नाही.

अशा वेळी मॅनेजर फॉलोअप वाढवतो आणि लोक आणखी हुशारीने तक्ता हिरवा ठेवतात. मूळ गोष्ट वेगळीच असते. कोणत्या फाइलमध्ये काय आहे हे ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याला तोंडपाठ होतं, त्याला आता कोणी विचारत नाही. त्याचा मान गेला. दुसऱ्याला वाटतं, नोंदीत चूक झाली तर आता ती थेट वरपर्यंत दिसणार. नेतृत्वाचे अभ्यासक रोनाल्ड हायफेट्झ यांनी तांत्रिक अडचणी आणि लोकांना स्वतःला बदलायला लावणाऱ्या अडचणी असा भेद केला आहे, तो इथे चपखल बसतो. पहिल्या प्रकारात उत्तर कोणाला तरी ठाऊक असतं. दुसऱ्यात लोकांना काहीतरी सोडावं लागतं, आणि ते सोडणं तक्त्यात मावत नाही.

मग करायचं काय? त्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी एकट्याने बोला. 'यात तुमचं काय जातंय?' हे सरळ विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. नवीन प्रणालीत नोंदींचं वर्गीकरण कसं असावं हे त्यालाच ठरवू द्या. पहिले काही आठवडे नोंदीतल्या चुकांवर कारवाई होणार नाही, असं सर्वांसमोर सांगा आणि पाळा. मग रजिस्टर बंद करायची तारीख ठरवा. ती तारीख पाळून घेणं हे पुन्हा व्यवस्थापनच.

व्यवस्थापनाला दुय्यम समजणं

1977 मध्ये व्यवस्थापनाचे प्राध्यापक अब्राहम झालेझ्निक यांनी मॅनेजर आणि लीडर ही दोन वेगळ्या घडणीची माणसं असतात असा मुद्दा मांडला. तो सोयीने इतका उगाळला गेला की मॅनेजर म्हणजे कारकुनी आणि लीडर म्हणजे काहीतरी भारी, असं चित्र झालं. मला ते पटत नाही. व्यवस्थापनाचेच दुसरे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कामाचं प्रत्यक्ष निरीक्षण करून 1973 मध्ये मॅनेजरच्या दहा भूमिका नोंदवल्या. नेता ही त्यातली एक. खुर्ची एकच असते. भविष्याचं चित्र सुंदर रंगवणाऱ्या वरिष्ठाकडे रजेचा अर्ज महिनाभर पडून राहिला, तर त्या चित्रावर कोण विश्वास ठेवेल?

'तू बघ' म्हणून पुन्हा स्वतःच बघणं

'हे तुझंच काम, तू ठरव.' चार दिवसांनी: 'पाठवण्याआधी मला एकदा दाखव.' मग दोन ओळी बदलल्या जातात. पुढच्या वेळी तो माणूस विचार न करताच मसुदा आणून ठेवतो, आणि 'लोक जबाबदारी घेत नाहीत' अशी तक्रार सुरू होते. काम देतानाच तीन गोष्टी सांगा: कोणते निर्णय पूर्णपणे त्याचे, कोणते घेऊन नुसते कळवायचे, कोणते आधी विचारून घ्यायचे. पहिल्या यादीतला निर्णय तुम्हाला आवडला नाही तरी, नुकसान होत नसेल तर, तो तसाच जाऊ द्या. जिवावर येतं, पण इलाज नाही.

नवख्याला मात्र असं मोकळं सोडू नका. त्याला पायऱ्या हव्या असतात. मुरलेल्याला त्याच पायऱ्या सांगितल्या तर अपमान वाटतो.

अधिकार नसताना मॅनेज करायला जाणं

पदनामात 'लीड' लागतं, पण कामाचं वाटप, रजा, बजेट यातलं काहीच हातात नसतं. दिशा दाखवायला खुर्ची लागत नाही. टीममधला कोणीही ते करू शकतो. कामाचा क्रम बदलायला मात्र लागते. ही उणीव स्वतः रात्री जागून भरून काढू नका. निदान कामाचा प्राधान्यक्रम ठरवायचा हक्क लेखी मागा आणि तो टीमलाही कळवायला सांगा. नकार मिळाला तर तारखांची हमी देणं थांबवा.