बीटवर व्याघ्रगणना कशी करावी

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण दर चार वर्षांनी देशातील वाघांच्या संख्येचा अंदाज काढते. शास्त्रीय बाजू देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था सांभाळते, पण मूळ नोंदी बीटवरच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावरच्या, वनरक्षकाच्याच असतात. मेळघाटात किंवा नागझिऱ्यात हे काम प्रथमच अंगावर येणाऱ्याने पुढील क्रम लक्षात ठेवावा.

पूर्वी पंजाचा ठसा काचेवर रेखून किंवा प्लास्टरचा साचा घेऊन वाघ मोजले जात. एकाच वाघाचा ठसा ओल्या चिखलात वेगळा आणि कोरड्या वाळूत वेगळा उमटतो, त्यामुळे मोजणाऱ्याला हवी तेवढी सूट मिळे. राजस्थानातील सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते, जंगलात मात्र 2005 पर्यंत एकही उरला नव्हता. या धक्क्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन प्राधिकरण स्थापन झाले आणि गणनेची पद्धतही बदलली.

पहिले काम मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधण्याचे आहे. वाघ जिथून जाण्याची शक्यता सर्वाधिक, असे नाले, पायवाटा आणि जंगलरस्ते निवडून दर वेळी किमान 5 किलोमीटर चालावे आणि अशा तीन फेऱ्या कराव्यात. ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, मारलेले जनावर, जे दिसेल ते एम-स्ट्राइप्स ॲपमध्ये त्याच जागी नोंदवावे. संध्याकाळी चौकीवर बसून आठवणीने भरू नये. काहीच आढळले नाही तर तसेच लिहावे. रिकामी फेरी दाखवायला संकोच वाटतो हे खरे, परंतु वाघ कुठे नाही हेही गणिताला तितकेच लागते.

त्यानंतर तृणभक्षी प्राण्यांसाठी आखलेल्या सुमारे 2 किलोमीटरच्या सरळ रेषेवरून, म्हणजे ट्रान्झेक्टवरून, उजाडताच न बोलता चालावे. चितळ, सांबर, गवा किंवा रानडुक्कर दिसताच कळपातील संख्या, होकायंत्रावरील दिशा आणि रेंजफाइंडरने मोजलेले अंतर टिपावे. अंतर नजरेने ठरवल्यास घनतेचे सारे गणित चुकते.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा, लावताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे वेगवेगळे असतात, त्यामुळे एकाच बाजूचे छायाचित्र अपुरे पडते; म्हणून 2 चौरस किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात. कॅमेरे साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधावेत, मात्र एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगावर पडू नये म्हणून ते अगदी समोरासमोर ठेवू नयेत. समोरचे गवत कापावे, कारण वाऱ्याने हलणाऱ्या एका पात्यामुळेही शेकडो निरुपयोगी छायाचित्रे साठतात. दोन्ही कॅमेऱ्यांची तारीख आणि वेळ जुळवली नाही, तर दोन कुशी एकाच वाघाच्या आहेत हे सिद्ध करणे अवघड होते.

पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याचे काम पुढे संगणकप्रणालीच्या मदतीने होते. एक वर्षाखालील बछडे धरले जात नाहीत. 2018 च्या गणनेत 2461 वेगवेगळे वाघ कॅमेऱ्यात आले आणि त्यांवरून एकूण संख्या 2967 असल्याचा अंदाज निघाला. या दोन आकड्यांमधल्या फरकाचे वाघ कोणी कॅमेऱ्यात पाहिलेले नाहीत. त्यांचा अंदाज पुन्हा-पुन्हा टिपल्या गेलेल्या वाघांच्या नोंदी, बीटवरच्या खुणा आणि भक्ष्याच्या आकडेवारीवरून बांधलेला आहे. त्यामुळे आपल्या बीटवर किती वाघ आहेत असे कोणी विचारल्यास स्वतःच्या नोंदवहीतून बेरीज करून सांगू नये.