इलेक्ट्रोलिसिसची तयारी आणि नंतरची निगा : निदान आठवडाभर हळदीचा डबा लांब ठेवा

हनुवटीवरचे जाड केस दर पंधरवड्याला थ्रेडिंगने काढून कंटाळा आला, की बऱ्याच जणी इलेक्ट्रोलिसिसची चौकशी करतात. यात केसाच्या मुळापर्यंत बारीक सुई घालून विद्युतप्रवाह सोडतात आणि मूळच मारतात. पद्धत जुनी आहे. अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये ती डोळ्यात आत वळलेले पापणीचे केस काढण्यासाठी वापरली होती. लेझर केसाच्या काळ्या रंगावर चालतो, त्यामुळे पांढऱ्या केसापुढे तो हात टेकतो. सुईला रंगाचं काही पडलेलं नसतं. फक्त काम एकेका केसाचं, त्यामुळे अनेक सीटिंग लागतात. चेहऱ्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागलं तर घाबरू नका.

आधी डॉक्टर. चेहऱ्यावर अचानक केस वाढले असतील, पाळी अनियमित असेल तर पीसीओडीची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या, नाहीतर एकीकडे केस काढायचे आणि दुसरीकडे नवे येत राहायचे. पेसमेकर, मधुमेह, गरोदरपण, जखमेचा व्रण फुगून वर येण्याची सवय, मुरमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा. सुई नवी, निर्जंतुक आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली हवी. हे विचारताना भीड बाळगू नका. त्यावरून कुणाला राग आला तर उठून या. मिरजेला दवाखान्यांची कमतरता नाही.

सीटिंगच्या किमान महिनाभर आधीपासून थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद. केस मुळासकट निघाला की सुईला धरायला काही उरत नाही. हा महिना सगळ्यात जड जातो, कारण केस दिसतात आणि घरचे-दारचे टोकतात. कात्रीने बारीक कापा किंवा रेझर फिरवा, त्याने केस जाड होत नाही. मात्र सीटिंगच्या तीन-चार दिवस आधी रेझरही थांबवा. तेवढ्यात जे केस वर येतात ते वाढीच्या अवस्थेतले असतात आणि नेमके तेच मारायचे असतात.

दोन-तीन दिवस आधी रेटिनॉल (सुरकुत्या-मुरमांच्या क्रीममधलं 'अ' जीवनसत्त्व), स्क्रब, ब्लीच बंद करा. उन्हाने चेहरा रापला असेल, तासगावकडे द्राक्षबागेत काम चालू असेल, तर तारीख पुढे ढकला. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, चहा कमी घ्या आणि मेकअप न करता जा. दुखणं सोसवत नसेल तर बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल डॉक्टरांना विचारा. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं.

सीटिंग चालू असताना एक गोष्ट स्वतः तपासता येते. प्रवाह सोडल्यावर केस अलगद सुटून यायला हवा. उपटल्यासारखी ओढ लागली तर लगेच सांगा, कारण मूळ मेलेलं नाही.

घरी आल्यावर त्वचा लाल होते, थोडी सुजते. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ते उतरतं. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं शेकून घ्या. साध्या पाण्याने चेहरा धुवा, टिपून घ्या, हवं तर बिनवासाचं कोरफड जेल लावा. पहिले दोन दिवस मेकअप, वाफ, व्यायामाचा घाम आणि पोहणं नको.

आणि हळद नको. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला तिचा अभिमानही आहे, पण सुईने नुकत्याच टोचलेल्या त्वचेवर हळद-बेसनाचा लेप म्हणजे चोळणं, खरवडणं आणि कधीकधी ॲलर्जीही. लिंबू आणि टूथपेस्ट तर त्याहून वाईट. लग्न ठरलं असेल तर हळदीच्या दिवसापासून मागे मोजा आणि शेवटची सीटिंग निदान तीन आठवडे आधी उरका.

दोन-तीन दिवसांत बारीक खपल्या दिसतील. त्या आपणहून पडू द्या. नखाने काढलेल्या खपलीच्या जागी आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर काळा डाग उठतो आणि तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. याच कारणाने किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन रोज लावा. जखम ओली असेपर्यंत मात्र सावलीच बरी. गाडीवरून सांगली-मिरज करायचं असेल तर स्कार्फ रोज धुतलेला असू द्या, घामट कापडाने पुटकुळ्या येतात.

पू, वाढत जाणारी सूज, ताप किंवा दिवसागणिक वाढणारं दुखणं दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून कुणी सुचवलेली 'गोरं करणारी' ट्यूब आणू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, आणि ते जास्त दिवस लावलं की त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर केसही वाढतात. आधीच काही लावलं असेल तर ती ट्यूब डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.